भूगोल आवडणारा मुलगा

माझं नाव तुल्किन. आमच्या भाषेत तुल्किन म्हणजे लाट. ज्या देशातून समुद्राचं तोंड बघायचं तर एक सोडून दोन देश ओलांडावे लागतात, त्या देशात जन्मलेल्या पोराचं नाव लाट ठेवताना माझ्या वडिलांच्या मनात काय होतं, ते त्यांनाच ठाऊक. त्यात मी झालो भूगोलाचा शिक्षक. कोकंदच्या शाळेत मी वर्षानुवर्षं भरती-ओहोटी शिकवतो, ती फळ्यासमोर हात वरखाली करून. तेव्हा समुद्रापारच्या मुलांना मदत करावी हे माझ्या डोक्यात भूगोलामुळे आलं, असं मी लोकांना सांगत असे. खरं म्हणजे ते आलं होशिमच्या भिंतीमुळे.

होशिम माझा शाळासोबती, आता फरशांचा बडा व्यापारी. तो, कर खात्यातला गायरत, पोरांना कुस्ती शिकवणारा बोतिर आणि मी, असे आम्ही चौघे महिन्यातून एका रविवारी आळीपाळीनं एकेकाच्या घरी जमतो. ज्याचं घर, त्याचा पुलाव. याला आमच्याकडे गाप म्हणतात. गाप म्हणजे बोलणं. प्रत्यक्षात पहिला बराच वेळ कोणी बोलत नाही, कारण तोंडं भरलेली असतात.

गेल्या शरदात गाप होशिमकडे होता. पुलाव संपला, हिरवा चहा आला, आणि मी भिंतीला टेकायला म्हणून वळलो तर समोर सोनेरी चौकटीत एका आफ्रिकन मुलाचा फोटो. लाल शर्ट, भुवईवर छोटीशी खूण आणि असं हसू की बघणाऱ्यानं आपोआप हसावं.

"हा कोण रे?" बोतिरनं विचारलं.

होशिमनं मान खाली घातली. फरशांचे भाव सांगताना हा माणूस कधी मान खाली घालत नाही. "हा समुएल," तो म्हणाला. "सोनेरी पंख नावाची एक परदेशी संस्था आहे, तिच्यामार्फत मी त्याचं शिक्षण करतो. सांगणार नव्हतो कुणाला."

सांगणार नव्हता म्हणून पाहुण्यांच्या खोलीत, दारासमोरच्या भिंतीवर, वर दिवा लावून ठेवला होता. "मोठेपणी त्याला घरं बांधायची आहेत," होशिम पुढे म्हणाला, आणि त्याचा आवाज खरंच भरून आला.

गायरतनं "वा" म्हटलं. बोतिरनं त्याची पाठ थोपटली. मला काय झालं कोण जाणे, मी म्हणालो, "योगायोग बघा. मीपण या महिन्यात एका मुलाला घेतोय."

तिघांनी माझ्याकडे वळून बघितलं. आता शब्द बाहेर पडला होता, आणि आमच्या मोहल्ल्यात बाहेर पडलेला शब्द घरी परत येत नाही.

सालोमतला, म्हणजे माझ्या बायकोला, मी घरी येऊन सांगितलं. ती लग्नाचे पोशाख शिवते. शिवणयंत्रावरून मान वर न करता ती म्हणाली, "चांगलं आहे. नीट बघून करा." मग थोडं थांबून, "फोटो मागायलाच हवा का?"

"फोटो नको तर पैसे कुणाला गेले हे कळणार कसं?"

तिनं कापड सुईखाली सरकवलं. यंत्राचा आवाज तेवढा सुरू झाला. सगळ्या मोहल्ल्यात मला याहून जास्त सल्ला न दिलेली ती एकटीच.

कारण दुसऱ्याच दिवशी सकाळी कुंपणाच्या भिंतीवरून मस्तुरा-खोला उगवल्या. खोला म्हणजे मावशी. त्या अख्ख्या गल्लीच्या खोला आहेत. हातात सुरी, पुढ्यात समोशासाठी चिरायचा भोपळा.

"दोमला, परदेशी पोरगं घेताय म्हणे?" गुरुजींना आमच्याकडे दोमला म्हणतात.

"घेत नाही खोला, मदत करतोय."

"इथली पोरं संपली का?"

हा प्रश्न पुढे मला इतक्या जणांनी विचारला, की मी त्यावर विचार करू लागलो. प्रश्न चुकीचा नाही. फक्त विचारणारे बहुतेक जण इथल्या पोरांच्या आसपासही कधी दिसले नव्हते. खोलांची गोष्ट वेगळी. त्या गल्लीतल्या कोणत्याही पोराला धरून जेवू घालतात. म्हणून त्यांना मी गंभीरपणे उत्तर दिलं. "खोला, भूक काही नकाशा बघून लागत नाही."

त्यांनी भोपळ्याची फोड सुरीनं उलटी केली. "ते खरं. मग टरबूज घेतो तसं घ्या. टिचकी मारायची. पोकळ वाजलं की समजायचं, पिकलंय."

"आणि संस्था पोकळ वाजली तर?"

"तर संस्था वाईट आणि टरबूज चांगलं," खोला म्हणाल्या, आणि माझ्या शिक्षणाची कीव करत आत गेल्या.

टिचकी मारायला मी संगणकासमोर बसलो. जगात मुलांचं भलं करणाऱ्या संस्था किती, याचा अंदाज मला नव्हता. प्रत्येकीच्या पानावर एक मूल माझ्याकडे टक लावून बघत होतं. एका पानावरून दुसऱ्यावर जाताना मला चोरट्यासारखं वाटे. जणू त्या पहिल्या मुलाला मी नकार देऊन निघालो होतो. असे बरेच नकार दिल्यावर मी इतका खजील झालो, की सरळ होशिमच्या सोनेरी पंखांवर जाऊन बसलो. त्यांनी मला फार आपुलकीनं वागवलं. नाव विचारलं, वय विचारलं, व्यवसाय विचारला, छंद विचारले. आमच्या घरात इतकी चौकशी मुलगी ताश्कंदला नोकरीला गेल्यापासून कोणी केली नव्हती. एक बोट टेकवलं आणि पैसे गेले. पलीकडून फुलांचा वर्षाव.

फोटो लगेच आला. मी चष्मा न लावताच आधी खालचा मजकूर वाचला. नाव डॅनिएल. आवडता खेळ फुटबॉल. आवडता विषय भूगोल.

भूगोल! तीस-तीस पोरांच्या वर्गात मला एकही सापडला नव्हता, आणि हा एवढा दूर बसून भूगोल आवडवून घेत होता. माझे डोळे पाणावले. त्या पाणावलेल्या डोळ्यांनी मी फोटो बघितला, आणि मुलगा ओळखीचा वाटला. सगळी गोड मुलं ओळखीचीच वाटतात, असं मी स्वतःला सांगितलं. त्याची मोठी प्रत काढून घेतली, होशिमच्या चौकटीपेक्षा दोन बोटं रुंद चौकट करून घेतली आणि पाहुण्यांच्या खोलीत लावली.

इकडे मस्तुरा-खोलांचा भोपळा शिजून गल्लीभर वाटला गेला होता, आणि त्याबरोबर बातमीही. बातमी शिजताना थोडी घट्ट झाली. दोमला आफ्रिकेतून मूल आणणार आहेत, असं तिचं आता रूप होतं. शुक्रवारी नमाजाहून येतो तो दारात पाळणा. आमचा पारंपरिक लाकडी, रंगवलेला, चांगला वजनदार पाळणा. कोणी ठेवला याचा पत्ता नाही. मग लहान टोप्या आल्या, स्वेटर आले, एक तीनचाकी सायकल आली. शेजारणी सालोमतचा हात हातात घेऊन "या वयात! पण देव बळ देतो" म्हणून जाऊ लागल्या. ती नुसती "रहमत, रहमत" करत आभार मानत राहिली. शेवटी मोहल्ल्याचे रईस, म्हणजे आमचे अध्यक्ष, कागदांची पिशवी काखेत मारून स्वतः आले.

"दोमला, मूल आणायच्या आधी मोहल्ल्याला कळवायचं असतं. रहिवासी नोंद, लसी, शाळा..."

"तो इथे येत नाहीये हो."

"मग राहणार कुठे?"

"त्याच्या घरी."

रईस बुचकळ्यात पडले. पाळण्याकडे बघितलं, सायकलीकडे बघितलं. "मग तुम्ही नेमकं घेतलंत काय?"

मी त्यांना चहा दिला.

पुढचा गाप माझ्याकडे होता. पुलाव मी स्वतः केला, गाजरं स्वतः चिरली. फोटोवर मुद्दाम पातळ पडदा टाकून ठेवला होता, योग्य क्षणी दूर करायला. चहाच्या वेळी मी उठलो, घसा साफ केला आणि म्हणालो, "मित्रहो, हा डॅनिएल." पडदा ओढला.

तिघेही फोटोकडे बघत राहिले. मला वाटलं, भारावले.

"हा माझा आहे," होशिम म्हणाला.

"काय?"

"हा समुएल आहे. माझा. लाल शर्ट बघ. तू माझ्या भिंतीवरून फोटो काढलास?"

"अरे, शर्ट लाल असला म्हणून काय झालं? लाल शर्ट जगात एकच शिवला का?"

बोतिर उठून फोटोच्या अगदी जवळ गेला. कुस्तीवाल्यांची नजर कानांवर आणि खुणांवर असते. "भुवईवरची खूण तीच," त्यानं निकाल दिला. "कानही तोच."

होशिमचा चेहरा फरशीसारखा झाला, पांढरा आणि थंड. तरी तो लढला. "जुळे असतील!"

"आणि जुळ्यांपैकी एकाला घरं बांधायचीत नि दुसऱ्याला भूगोल आवडतो," गायरत म्हणाला. "होशिम, तू त्यांना व्यवसाय काय सांगितलास? फरशा? आणि या तुल्किननं शिक्षक, विषय भूगोल? मी जर नाव नोंदवलं असतं तर हा पोरगा मोठेपणी कर वसूल करणार होता." एवढं बोलून तो हसायला लागला, आणि इतका हसला की चहा नाकात गेला. बोतिरही हसला. मी आणि होशिम हसलो नाही. एकाच मुलाचे दोन बाप एका सतरंजीवर एकमेकांची नजर चुकवत बसलो होतो.

चहाची दुसरी किटली घेऊन सालोमत आत आली. दारातून तिनं सगळं ऐकलं असणार. किटली ठेवून ती फोटोपाशी गेली, चौकट खिळ्यावरून उतरवली आणि हातात धरून बघत उभी राहिली.

"मग हा कुठे आहे?" तिनं विचारलं.

"कोण?"

"हा मुलगा. नाव खोटं असेल. मुलगा तर खोटा नाही ना?"

आम्हाला तिचा रोख कळेना. सालोमत लहानपणी अनाथाश्रमात वाढली, हे मला लग्नाआधीपासून माहीत होतं, मित्रांनाही माहीत होतं. पण त्याबद्दल ती दोनच गोष्टी सांगत असे. तिथे थंडी फार होती आणि तिथे ती शिवण शिकली. त्या दिवशी तिसरी सांगितली. बसली नाही, उभ्यानंच सांगितली, चौकट पोटाशी धरून.

"आमच्याकडे एकदा परदेशी पाहुण्यांची मदत आली. नवंनवं स्वातंत्र्य होतं तेव्हा. एक निळा कोट होता, आत लोकर, मोठी बटणं. एकच. आम्हा मुलींना ओळीत उभं केलं. एकीनं घालायचा, हसायचं, फोटो काढायचा, आणि उतरवून पुढचीला द्यायचा. माझ्यापर्यंत आला तेव्हा तो आधीच्या मुलींच्या अंगानं गरम झाला होता. मला हसायला सांगावं लागलं नाही. त्या उबेनंच हसू आलं. फोटो फार छान आला असेल माझा."

गायरतचं हसू केव्हाच थांबलं होतं.

"मग तो कोट कपाटात गेला. पुढच्या पाहुण्यांसाठी. पाठवणारे वाईट नव्हते हो. आपण एकेकीला एकेक कोट दिला, असं त्यांना वाटलं असेल. कुठेतरी कुणाच्या तरी भिंतीवर मी अजून हसत असेन." तिनं चौकटीवरची धूळ बोटानं पुसली. धूळ नव्हतीच. "तुम्ही फसलात म्हणून तुम्हाला राग आलाय. यायलाच हवा. पण याला काहीतरी देऊन हसवलं असेल ना? ते याच्याकडे राहिलं का?"

ती फोटो घेऊन आत गेली. मग होशिम बोलला, आणि त्याच्या आवाजात व्यापारी नव्हता. "मी माझा फोटो काढणार नाही भिंतीवरून. त्या पोरानं माझं काय वाईट केलंय?"

त्याबद्दल होशिमला मी पुढची सगळी भांडणं माफ केली. आणि भांडणं पुष्कळ झाली, कारण त्याच बैठकीत असं ठरलं की आता चौघांनी मिळून एकच संस्था शोधायची, आणि नीट शोधायची.

गायरतनं आधी पोलिसांत तक्रार दिली. पोलिसांनी ती लिहून घेतली तोवर सोनेरी पंख उडून गेले होते. पानाच्या जागी पांढरा पडदा. मग तो एकेका संस्थेचे हिशेब काढून वाचू लागला. एकदा चहाच्या दुकानात त्यानं फोन माझ्यापुढे सरकवला. "हे बघ. यांचा सर्वांत मोठा खर्च जनजागृती. मुलांना जेवण त्याच्या खाली."

"जागं कुणाला करतात?"

"आपल्याला. म्हणून तर आपण इथे बसलोय."

बोतिरचं म्हणणं, पैलवान आखाड्यात बघावा, फोटोत नाही; तेव्हा जाऊन बघू. कुठे जायचं हे ठरलेलं नसताना त्यानं बॅग मात्र बघून ठेवली. होशिमला आधी मोठ्या इमारतीतली संस्था हवी होती. पोळल्यानंतर तो म्हणू लागला, जिला इमारतच नाही अशी बघा. एकदा तर मी आणि तो यावरून भर बाजारात नानच्या दुकानासमोर इतक्या जोरात भांडलो, की नानवाला थोरल्या भावाला हाक मारावी तसं म्हणाला, "आका, मुलांसाठीच भांडताय ना? मग मुलं घाबरतील असं नका भांडू."

मार्ग निघाला तो गायरतच्या मोठ्या बहिणीकडून. मावलुदा-ओपा, म्हणजे मावलुदाताई, ताश्कंदला बालरोगतज्ज्ञ आहेत. सोव्हिएत काळात डॉक्टरकी शिकताना त्यांच्या वर्गात मादागास्करची एक मुलगी होती, वोलोलोना नावाची. तीही मुलांची डॉक्टर झाली, मायदेशी गेली, आणि आता किनाऱ्यावरच्या काही गावांत शाळांमधून मुलांना रोज दुपारचं जेवण देण्याचं काम करते. छोटीशी संस्था.

"झालं तर मग!" मी म्हणालो. "ओळखीतलं माणूस आहे."

"ओळख म्हणजे खात्री नव्हे," सालोमत म्हणाली. "आमच्या आश्रमाच्या बाईसुद्धा सगळ्यांच्या ओळखीच्या होत्या. चांगल्या घरच्या."

म्हणून मग ओळख बाजूला ठेवून चौकशी झाली. गायरतनं त्या देशाच्या नोंदणी कार्यालयाला विचारलं. तिथे काम केलेल्या दुसऱ्याच एका डॉक्टरचा पत्ता काढून त्याला विचारलं. हिशेब मागवले आणि पेन्सिल घेऊन असा बसला, जणू बाई त्याच्याच वॉर्डात दुकान चालवत होत्या. मग डॉक्टरबाईंशी बोलायचं ठरलं. फोन आमच्या जेवणाच्या टेबलावर साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला आणि आम्ही चौघे टाय लावून त्याच्यासमोर बसलो.

पडद्यावर पिकल्या केसांची, काटक बाई आली. रशियन बोलली ती थेट ताश्कंदच्या हेलात. "अस्सलोमु अलैकुम! कोकंदचा हलवा अजून तसाच मिळतो का हो?"

आम्ही विरघळलो. होशिमनं हलव्याचा डबा पाठवायचं कबूल करून टाकलं. मग घसा साफ करून मुद्द्यावर आला. "डॉक्टर, आम्हाला एखादा मुलगा निवडता येईल का? बांधकामाची आवड असलेला?"

"नाही."

"बरं. तुम्ही निवडा. फोटो पाठवाल?"

"नाही."

"पत्र? दोन ओळी?"

"नाही हो. मुलं येतात, शिकतात, जेवतात, मारामाऱ्या करतात. आभार मानणं हा त्यांचा विषय नाही, म्हणून त्याची परीक्षा मी घेत नाही."

"हिशेब?" गायरत म्हणाला.

"तुम्हाला पाठवलाय तो सगळा आहे. त्यात गेल्या साली भिजून वाया गेलेला तांदूळही आहे. छप्पर गळत होतं, आम्ही वेळेत बघितलं नाही. चूक आमची."

गायरतनं पेन्सिल खाली ठेवली. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्याला हे वाक्य कुणी न विचारता सांगितलं नव्हतं.

"येऊन बघता येईल?" बोतिर.

"या की. न सांगता या. फक्त हात धुऊन या, वाढायला लावीन."

होशिमनं फोनवर हात ठेवला आणि आमच्याकडे वळून कुजबुजला, "ही बाई मदत मागतेय की आपली उलटतपासणी घेतेय?"

"ऐकू येतंय मला," साखरेच्या डब्याकडून आवाज आला.

होशिमचे कान लाल झाले. माझाही उत्साह ओसरला होता, खोटं कशाला बोलू? मादागास्करच्या नकाशावर मी एक छोटी टाचणी लावणार होतो, त्या टाचणीला एक नाव असणार होतं. आता नुसतंच बेट उरलं. अशा वेळी सालोमत मागून पुढे आली आणि आमच्या खांद्यांच्या मधून वाकली.

"डॉक्टर-ओपा, एक विचारू? तुम्ही मुलांना जे देता, ते नंतर कुणाला काढून घेता येतं का?"

पलीकडे इतकी शांतता झाली, की बोतिरनं फोन बंद पडला समजून त्याला टपली मारली. मग डॉक्टरांनी चष्मा काढला. सालोमतकडे नीट बघितलं, आम्हा चौघांकडे बघितलंच नव्हतं तसं.

"म्हणून मी कपडे वाटत नाही, खोकी वाटत नाही," त्या हळूच म्हणाल्या. "शिजवून वाढते. खाल्लेलं कुणाला काढून घेता येत नाही."

"मग माझं ठरलं," सालोमत म्हणाली, आणि डोक्यावरचा रुमाल सारखा करत स्वयंपाकघरात गेली.

आमचंही ठरलं. तसा ठराव कुणी मांडला नाही.

सोनेरी पंखांना पैसे एका बोटानं गेले होते. खऱ्या संस्थेला पाठवायचे म्हणजे बँकेत जाणं आलं. खिडकीत शोइरा नावाची मुलगी होती. माझीच जुनी विद्यार्थिनी.

"प्राप्तकर्ता तुमचे कोण, दोमला?"

"कोणी नाही."

"कोणी नाही, असं इथे लिहिता येत नाही. भाऊ, बहीण, मूल, आई-वडील?"

"अगं, परके आहेत. परक्यांना मदत करतोय."

"बरं, मग उद्देश सांगा. उपचार, शिक्षण, कुटुंबखर्च की व्यापार?"

"दया नाही का त्यात?"

तिनं पडदा वरखाली करून बघितला, मनापासून बघितला. "दया नाहीये, दोमला." मग आवाज खाली आणून, "मादागास्कर कुठल्या देशात येतं?"

मी तिथेच काउंटरवर तिला हातानं आफ्रिका काढून दाखवली, शेजारी बेट काढलं. मागची रांग कुरकुरायला लागली. "मी तुम्हाला शिकवलं होतं हे!" मी कळवळून म्हणालो.

"शिकवलं होतंत. मला तीन गुण दिले होतेत पाचापैकी," शोइरा म्हणाली. मला वाटलं, आता ही सूड घेणार. पण तिनं खुर्ची मागे सारली, वरिष्ठांकडे गेली, तिथून आणखी वरिष्ठांकडे गेली. त्यांनी संस्थेच्या कागदांचं भाषांतर मागितलं. भाषांतरकारानं शाळाभोजनाचं उपाहारगृह केलं. त्यामुळे आम्ही मादागास्करमध्ये हॉटेल काढतोय असा संशय आला, आणि गायरतला आपल्याच खात्याच्या माणसापुढे उभं राहून हा व्यापार नाही हे सिद्ध करावं लागलं. शोइरानं प्रत्येक खेपेला आम्हाला खुर्ची दिली, चहा दिला. शेवटी पैसे गेले त्या दिवशी तिनं पावतीबरोबर आपल्या पर्समधून एक घडी केलेली नोट सरकवली. "पुढच्या वेळी यातही घाला," एवढंच म्हणाली.

दारातल्या पाळण्याचं आणि टोप्यांचं वाटप मस्तुरा-खोलांनी केलं. कुणाकुणाच्या घरी मूल येणार हे त्यांना कळायला कागद लागत नाहीत. रईस मात्र अजूनही भेटले की "तुमचा मुलगा कसा आहे?" विचारतात, आणि मी "बरा आहे" म्हणतो. लाल शर्टाचा फोटो आमच्याकडे सालोमतच्या शिवणयंत्राशेजारी आहे. त्या मुलाचा पत्ता लागावा म्हणून गायरतनं पुन्हा दोन ठिकाणी लिहिलं. पत्ता लागलेला नाही.

वसंतात गाप बोतिरच्या बागेत झाला. तेव्हा बायकामुलंही असतात. जर्दाळूचा मोहर ताटांत पडत होता. गायरतनं सांगितलं की डॉक्टरांचा फोनवर निरोप आलाय, आवाजातच, आणि तो अजून त्यानं ऐकलेला नाही. सगळ्यांनी मिळून ऐकू. आम्ही हात पुसले. होशिमनं कॉलर नीट केली.

डॉक्टरांचा आवाज आला. मागे पोरांचा कालवा. "नमस्कार. तुमच्या पैशांतून या महिन्याचा तांदूळ आणि डाळ आली. आमची आचारीण आजारी पडली म्हणून काही दिवस तिच्या भावानं शिजवलं. भाताचा लगदा झाला. मुलांनी तक्रार केली. एक टोळी तर वाडगे घेऊन थेट माझ्या टेबलापाशी आली, म्हणाली, डॉक्टर, हे तुम्ही खाऊन दाखवा. मी खाल्लं. खरंच वाईट होतं. तेव्हा तुमच्या पैशांतला काही भाग वाईट भातात गेला, माफ करा. आचारीण आता बरी आहे."

निरोप संपला.

"एवढंच?" होशिम म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "म्हणजे आपण पाठवायचं, आणि पोरांनी त्याला नावं ठेवायची?"

मलाही टोचलं होतं. बँकेच्या त्या सगळ्या खेपा आठवल्या. तेवढ्यात शेजारून विचित्र आवाज आला. बघतो तर सालोमत हसत होती. रुमालाचं टोक तोंडावर धरून, खांदे हलवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती.

"वाडगे घेऊन आली!" ती म्हणाली. "टेबलापाशी! अहो, तुम्हाला कळत नाही का? आमच्यात कुणाची छाती नव्हती हो. आंबलेलं असलं तरी आम्ही ताट चाटून पुसून 'रहमत' म्हणायचो. आणि ही पोरं बाईला म्हणतात, तुम्ही खाऊन दाखवा!" तिनं डोळे पुसले. "पुन्हा लावा ना, गायरत-आका."

गायरतनं पुन्हा लावलं. दुसऱ्यांदा ऐकताना तो मागचा कालवा मला नीट ऐकू आला. कोणीतरी कोणाला तरी ढकलत होतं, कोणीतरी ओरडत होतं. कोणीच आभार मानत नव्हतं. होशिम ऐकता ऐकता हसला, मग मोठ्यानं हसला, आणि म्हणाला, "यांतला एखादा पोरगा माझ्याकडे फरशा घ्यायला आला तर माझं दिवाळं निघेल."

बोतिर इतका वेळ कढईपाशी उभा होता. त्यानं ताटांवर नजर फिरवली. "बरं, माझा भात कसा झालाय?" त्यानं विचारलं, उत्तर ठरलेलंच आहे अशा सुरात.

"उत्तम!" आम्ही तिघे एका तोंडानं म्हणालो.

सालोमतनं एक घास घेतला, सावकाश चावला. "मीठ कमी आहे, बोतिर-आका."

बोतिर क्षणभर तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं हातातला झारा कढईत ठेवला आणि मीठ आणायला घरात गेला.